घोड्याचे सांधे आणि श्रावकाचा विवेक

दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठच्या सारंगखेड्याला घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तेथे चाल पाहून घोड्याची किंमत ठरते. पुण्या-मुंबईच्या शर्यती असोत वा अडथळे ओलांडण्याच्या स्पर्धा, मालकाची सारी भिस्त त्या चार पायांवरच असते. साहजिकच सांधे बळकट ठेवणाऱ्या पूरक चूर्णांचे डबे तबेल्यांत पोहोचले आहेत. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत औषधांचे कारखाने जवळून पाहणाऱ्या कुटुंबांना, डब्यात नेमके काय असते, हा प्रश्न परका वाटू नये.

या चूर्णांतील प्रमुख घटक दोन : ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिन. पहिला बहुधा कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून काढतात. मक्यापासून किण्वनाने तयार केलेला प्रकारही मिळतो. दुसरा सामान्यतः गाय-बैल, डुक्कर किंवा शार्क यांच्या कूर्चेतून येतो. कृत, कारित आणि अनुमोदित अशी हिंसेची तीन द्वारे शास्त्रकारांनी सांगितली आहेत. एका मुक्या जिवाचे दुःख हलके करण्यासाठी दुसऱ्या जिवाच्या देहाचा अंश विकत घेताना त्यांचा विचार करावाच लागतो. वेष्टनावर घटकाचे नाव असते, उगम असतोच असे नाही. तो उत्पादकाला विचारून घ्यावा.

एवढे करून लाभ तरी निश्चित आहे काय? तोंडावाटे दिलेल्या या घटकांचा घोड्यांना कितपत उपयोग होतो, याविषयी अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. सांध्यातील कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, म्हणून तिची झीज सहजी भरून येत नाही. तिच्यात चेतातंतूही नसतात, म्हणून घोडा लंगडू लागेपर्यंत बरीच हानी होऊन गेलेली असते. उभ्या घोड्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो आणि दौडीत तो आणखी वाढतो.

२००८च्या बीजिंग ऑलिंपिकमधील अश्वस्पर्धा हाँगकाँगला झाल्या. तेथे काही घोड्यांच्या तपासणीत मिरचीतील कॅप्सेसिन आढळले आणि नॉर्वेच्या संघाला कांस्यपदक गमवावे लागले. सांध्यांची साधी चूर्णे त्या पंक्तीत बसत नाहीत. तरी काहींत वेदनाशामक वनस्पती मिसळलेल्या असतात. वेदना शमली की घोडा धावतो, आणि दुखावलेला सांधा अधिकच झिजतो. लंगडणे ही घोड्याची तक्रार आहे. ती ऐकून उपचार करणे ही दया. तिचा आवाज बंद करून त्याला मैदानात उतरवणे ही दया नव्हे.

अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘अतिभारारोपण’ गणले आहे. भार म्हणजे केवळ पाठीवरचे ओझे नव्हे. हाडे पक्की होण्यापूर्वीच शिंगराला शर्यतीला जुंपणे, कठीण जमिनीवर रोज दौडवणे, दुखापतीनंतर पुरेशी विश्रांती न देणे, हाही भारच. म्हणून डबा उघडण्यापूर्वी मालकाने काही गोष्टी तपासाव्यात : पशुवैद्याने पाय पाहिला आहे काय? नाल वेळेवर बदलली जाते काय? घोड्याचे वजन योग्य आहे काय? आणि शेवटी, पुढची स्पर्धा रद्द झाली, तरीही हे चूर्ण त्याला दिले जाईल काय? याचे उत्तर ‘होय’ असेल, तर ते औषध घोड्यासाठी आहे. ‘नाही’ असेल, तर ते पदकासाठी आहे, आणि अशा वेळी घोड्याला विश्रांती देणेच श्रावकाला शोभणारे आहे.