काकूंच्या जेवणाची वेळ कोणती?

आमच्या शेजारच्या काकूंच्या दंडावर सध्या एक छोटंसं यंत्र चिकटवलेलं आहे. पुण्याच्या मुलाने आणून दिलं. त्याची बारीक तार कातडीखाली राहते आणि दर पाच मिनिटांनी साखर किती ते मोबाईलवर दिसतं. आता बऱ्याच नव्या सेन्सरना वेगळं टोचावं लागत नाही. काकूंच्या सेन्सरला मात्र दिवसातून दोनदा बोट टोचून रक्तातला आकडा भरून द्यावा लागतो. घड्याळ लावून घेतो ना, तसंच.

चार दिवसांतच काकू वैतागल्या. यंत्र एक सांगे, बोटाचं रक्त दुसरंच! मुलाने फोनवरून डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, जेवणाआधी टोचा, साखर स्थिर असताना. काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या, "माह्या जेवनाचा काही टाईम हाय का बाई?"

मी गप्पच झाले.

त्यामागचं कारण साधं आहे. हे यंत्र थेट रक्तातली साखर मोजत नाही, कातडीखालच्या पाण्यातली मोजतं. जेवल्यावर साखर आधी रक्तात चढते, त्या पाण्यात पोचायला काही मिनिटं जातात. तेवढ्यात आकडा भरला, तर यंत्राचा हिशोबच चुकतो. तराजूचा काटा हलत असताना आपण वजन मान्य करतो का? म्हणून सकाळी उठल्यावर किंवा जेवणाआधी, साबणाने हात धुऊन, कोरडे करून टोचायचं. केळ सोललेल्या बोटावरची साखरसुद्धा आकडा वाढवते.

आता काकूंचा दिवस बघा. सकाळी चहा. भाजीची चव घेतली. नातवाच्या ताटातली अर्धी पोळी "टाकायची कशाला" म्हणून तोंडात. वावरात जाणाऱ्यांचा डबा, मग सगळ्यांची जेवणं. आमच्या गिरडला बाबा फरीदांच्या टेकडीवर दर्शनाला येणारे पाहुणे न सांगता घरी टेकतात, मग पुन्हा चूल. काकूंची भाकर कधी दोनला, कधी तीनला. एकादशीला साबुदाणा, म्हणजे उपवासाच्या नावाखाली साखरेला आमंत्रणच! यात 'जेवणाआधी' कुठे शोधायचं?

महागडा सेन्सर नसलेल्यांचंही तेच आहे. दवाखान्यात 'जेवणानंतर दोन तासांनी' रक्त द्यायला सांगतात. ते दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे असतात. पण दिवसभर चिमूट-चिमूट खाणाऱ्या बाईचा पहिला घास कोणता? मग रिपोर्ट काहीतरी येतो आणि बोल बाईलाच, "तू पथ्य पाळत नाहीस."

२०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. त्यातल्या कितीतरी बायका सर्वांच्या शेवटी जेवत असतील. आणि यात धोकाही आहे. जेवणाआधीचं इन्सुलिन घेतलं आणि तेवढ्यात पाहुणे आले म्हणून वाढायला उभी राहिली, तर साखर ७० च्या खाली घसरू शकते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. आपण म्हणतो, ऊन लागलं असेल. अशा वेळी शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून लगेच द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावं.

मला विचाराल तर घरात औषधाच्या डब्याआधी बाईच्या ताटाची वेळ ठरायला हवी. सासूबाईंना देवाची वेळ चुकलेली चालत नाही, नवऱ्याला बातम्यांची. मग हिच्या भाकरीचीच का चालते?

आम्ही काकूंच्या फ्रीजवर कागद चिकटवला. सकाळी साडेसहाला टोचणं, साडेबाराला जेवण, संध्याकाळी साडेसातला पुन्हा टोचणं आणि मग जेवण. डॉक्टरांना विचारून इन्सुलिनच्या वेळाही त्याच कागदावर लिहिल्या. पहिल्या दिवशी सगळ्यांआधी जेवताना काकू भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या, चोरी केल्यासारख्या. काका काही बोलले नाहीत. काकूंचं होईपर्यंत थांबले, मग स्वतःच टोपल्यातून भाकर काढून घेतली. वरण मात्र त्यांना सापडलं नाही.