पांढऱ्या पट्ट्यातली माणसं

गिल्बर्ट बेकर आणि त्याच्या सोबत्यांनी हाताने रंगवून शिवलेला पहिला इंद्रधनुषी झेंडा २५ जून १९७८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत फडकला. आज आपण त्यात सहा रंग पाहतो, पण तेव्हा आठ होते. सगळ्यांत वर होता गडद गुलाबी. बेकरने प्रत्येक रंगाला अर्थ दिला होता. लाल म्हणजे जीवन, पिवळा म्हणजे सूर्यप्रकाश, हिरवा म्हणजे निसर्ग, आणि तो वरचा गुलाबी म्हणजे शरीरसंबंध. ज्या ओढीपायी समलिंगी माणसांना तुरुंगात टाकलं गेलं, नोकरीवरून काढलं गेलं, तीच त्यांनी झेंड्याच्या माथ्यावर मिरवली, हे मला फार मोलाचं वाटतं. पुढे मागणी वाढली, त्या गुलाबी रंगाचं कापड पुरेसं मिळेना, आणि तो पट्टा गळून पडला.

पण त्या दिवशीच्या गर्दीत असंही कुणी असणारच, ज्याला ही ओढ कुणाबद्दलच वाटत नव्हती. पुरुषाबद्दल नाही आणि स्त्रीबद्दलही नाही. अशा माणसाने कोणता रंग आपला म्हणावा, याचं उत्तर यायला आणखी बत्तीस वर्षं लागली.

खरं तर या माणसांची नोंद झालेली होती. १९४८ साली आल्फ्रेड किन्से यांनी अमेरिकी पुरुषांच्या लैंगिक वर्तनावरचं पुस्तक काढलं. त्यात त्यांनी शून्य ते सहा अशी एक मोजपट्टी दिली. शून्य म्हणजे फक्त भिन्नलिंगी, सहा म्हणजे फक्त समलिंगी, बाकीचे सगळे मधे कुठेतरी. ज्यांना कशाचीच ओढ दिसली नाही, त्यांना किन्सेंनी आकडा दिला नाही. त्यांच्यासाठी एक अक्षर ठेवलं: एक्स. बीजगणितात एक्स निदान शोधला तरी जातो. इथे तो पट्टीच्या बाहेर ठेवला गेला आणि कित्येक वर्षं तिथेच राहिला.

२००१ मध्ये डेव्हिड जे या अमेरिकी तरुणाने एव्हेन नावाचं संकेतस्थळ सुरू केलं आणि जगभरातली अशी विखुरलेली माणसं तिथे एकमेकांना सापडू लागली. एव्हेनचं पहिलं चिन्ह होतं खाली टोक असलेला त्रिकोण. त्याची वरची आडवी बाजू म्हणजे किन्सेंचीच पट्टी. तिथून जसजसं खाली यावं तसतसं आकर्षण कमी होत जातं, पांढऱ्याचा करडा होतो, करड्याचा काळा, आणि टोकाशी एसेक्शुअल, म्हणजे कुणाबद्दलच लैंगिक आकर्षण न वाटणारा माणूस उभा असतो. पट्टीबाहेरच्या एक्सला जागा हवी होती, म्हणून त्यांनी पट्टीलाच खोली दिली. ही कल्पना मला एखाद्या सुंदर गणिती सिद्धतेइतकी आवडते.

२०१० च्या उन्हाळ्यात या समूहाने झेंड्यासाठी आराखडे मागवले, मतदान घेतलं आणि चार आडवे पट्टे निवडले. काळा एसेक्शुअल माणसांचा. करडा मधल्यांचा, ज्यांना लैंगिक आकर्षण क्वचित वाटतं, किंवा कुणाशी गाढ जवळीक झाल्यावरच वाटतं, त्यांचा. जांभळा समूहाचा. आणि तिसरा, पांढरा, जे एसेक्शुअल नाहीत त्यांचा: जोडीदारांचा, सोबत्यांचा.

या पांढऱ्या पट्ट्यापाशी मी दर वेळी थांबते. झेंडा आपल्या माणसांना एकत्र बांधतो आणि बाहेरच्यांना बाहेर ठेवतो, असंच आपण जगभर पाहत आलो आहोत. इथे मात्र ज्यांना कुणी पट्टीवर मोजलं नव्हतं, त्यांनी आपला झेंडा करायला घेतला आणि त्यातला चौथा हिस्सा आपल्यासारख्या नसलेल्यांना देऊन टाकला. त्याचं कारण त्यांच्या जगण्यात आहे. एसेक्शुअल माणूस बहुधा एसेक्शुअल नसलेल्यांमध्येच राहतो. तो त्यांच्या प्रेमात पडतो, त्यांच्याशी संसार मांडतो, कधी मुलंही वाढवतो. त्यातले काही जण जोडीदारासाठी शरीरसंबंध ठेवतात, काही ठेवत नाहीत. जोडीदाराची गरज वेगळी असते आणि खरीही असते. ती नाकारून या माणसांना आपलं चित्र पुरं करता आलं नसतं.

माझी एक मावशी शाळेत शिकवायची. तिने लग्न केलं नाही. का केलं नाही, याची आमच्या घरात निदान तीन कारणं सांगितली जायची. कुणी म्हणे ठरलेलं लग्न मोडलं, कुणी म्हणे धाकट्या भावंडांसाठी थांबली, आणि दबक्या आवाजात एखाद्या आजाराचंही नाव निघायचं. मी एकदा तिलाच विचारलं तेव्हा ती म्हणाली, ‘‘मला कधी तसं वाटलंच नाही गं.’’ हे तिने इतरांनाही सांगितलं असणार. पण ते उत्तर म्हणून कुणी धरलंच नाही. त्याच्यामागे काहीतरी असलंच पाहिजे, असं सगळ्यांनी गृहीत धरलं. मावशी आता नाही. तिच्या हातात मी आज कुठलाही झेंडा देणार नाही, तो हक्क तिचा होता. पण तिच्या त्या एका वाक्याला उत्तराचा मान देणारी माणसं जगात आहेत, हे तिला कळायला हवं होतं असं फार वाटतं.

ब्रह्मचर्याला आपल्याकडे मोठा मान आहे. तो निश्चयाचा मान असतो, वासना जिंकल्याचा. एसेक्शुअल माणसाने काही जिंकलेलं नसतं, काही सोडलेलं नसतं. म्हणून त्याच्या वाट्याला आदर येत नाही, संशय येतो आणि मग डॉक्टर. कॅनडातल्या ब्रॉक विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ अँथनी बोगार्ट यांनी २००४ मध्ये ब्रिटनमधल्या अठरा हजारांहून अधिक लोकांची उत्तरं तपासली. ‘मला कुणाबद्दलच कधी लैंगिक आकर्षण वाटलं नाही’ असं सांगणारे त्यात सुमारे एक टक्का निघाले. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेने २०१३ च्या आवृत्तीत, स्वतःला एसेक्शुअल म्हणवणाऱ्या माणसाला कामेच्छेच्या अभावाचा आजार लावू नये, असं नमूद केलं. अर्थात आपल्या घराघरांत ती पुस्तिका कोण वाचतो!

एरोमँटिक माणसांची गोष्ट याहून वेगळी. त्यांना कुणाच्या प्रेमात पडल्यासारखं वाटत नाही. शरीराची ओढ त्यांना असू शकते, नसूही शकते, आणि ही गाठ लोकांना नीट सुटत नाही. त्यांचा आज सर्वत्र दिसणारा झेंडा २०१४ मध्ये टम्बलरवर आकाराला आला: गडद हिरवा, फिका हिरवा, पांढरा, करडा, काळा. दोन्ही हिरवे एरोमँटिक माणसांचे आणि त्यांच्या निरनिराळ्या छटांचे. करडा आणि काळा लैंगिकतेच्या छटांसाठी, म्हणजे एसेक्शुअल असोत वा नसोत, सगळे एरोमँटिक यात आले. हिरवाच का? तर प्रेमाचा रंग लाल, आणि चित्रकाराच्या रंगचक्रात लालाच्या बरोबर समोर हिरवा बसतो.

आपल्या डोळ्याला हे आधी उलटंच वाटणार. आपल्याकडे हिरवा हा लग्नाचा रंग. हिरवा चुडा, हिरवा शालू. हातात हिरव्या बांगड्या दिसल्या की मुलीचं लग्न ठरलं हे गल्लीभर कळतं. तोच रंग प्रेमकथेबाहेरच्या माणसांनी आपला म्हणून घेतला आहे. मला यात विसंगती दिसत नाही. हिरव्याचा आपला मूळ अर्थ तरी काय, तर काहीतरी रुजलंय, वाढतंय, आणि तेवढं एरोमँटिक माणसाच्या आयुष्यातही असतं. या झेंड्यातही मधला पांढरा पट्टा आहेच. तो मैत्रीचा, कुटुंबाचा, प्रेमप्रकरणाच्या साच्यात न बसणाऱ्या गाढ नात्यांचा. आधीच्या आराखड्यांत मैत्रीसाठी पिवळा पट्टा होता. रंग बदलला, पण मैत्रीची जागा कुणी काढून घेतली नाही. आपल्या सिनेमांत मैत्रीण नेहमी नायिकेची चिठ्ठी पोचवायला असते. इथे तिला झेंड्याचा मध्य मिळाला आहे.

या माणसांचा जागरूकता सप्ताह १४ फेब्रुवारीनंतर येतो. गुलाब संपले, दुकानांतली बदामाच्या आकाराची चॉकलेटं निम्म्या किमतीला आली, की मग त्यांचे दिवस. खुणाही पुष्कळ आहेत. उजव्या हाताच्या मधल्या बोटातली काळी अंगठी एसेक्शुअल माणसाची. इस्पिकचा एक्का एरोमँटिक असलेल्या एसेक्शुअल माणसाचा, बदामाचा एक्का प्रेमात पडणाऱ्या एसेक्शुअल माणसाचा. एरोमँटिक आणि एसेक्शुअल अशा दोन्ही असलेल्यांसाठी २०१८ मध्ये नारिंगी, पिवळा, पांढरा आणि दोन निळे असा सूर्यास्ताच्या रंगांचा आणखी एक झेंडा आला. इतके झेंडे कशाला, असं विचारणारे भेटतात. मला ते जास्त वाटत नाहीत. मावशीच्या वेळी एकही नव्हता.

आता मुंबई-पुण्याच्या प्राइड मार्चमध्येही काळा-करडा-पांढरा-जांभळा दिसतो. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी कलम ३७७ ची धार बोथट केली, ते प्रौढांच्या संमतीने होणाऱ्या शरीरसंबंधांबद्दल होतं. एसेक्शुअल माणसाला कायदा भेटतो तो दुसऱ्याच दाराने, लग्नाच्या. हिंदू विवाह कायद्याच्या बाराव्या कलमानुसार, नपुंसकतेमुळे शरीरसंबंध झाला नसेल तर विवाह रद्द करून घेता येतो. समर घोष विरुद्ध जया घोष या २००७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मानसिक क्रौर्याची उदाहरणं दिली. शारीरिक असमर्थता किंवा सबळ कारण नसताना एकतर्फी निर्णयाने दीर्घकाळ संबंध नाकारणं, हे त्यातलं एक. म्हणजे संबंध नसेल तर एक तर शरीरात खोट आहे, नाही तर मनात क्रौर्य आहे. मला कधी तसं वाटलंच नाही, असं म्हणणाऱ्याने कोर्टात यातलं काय निवडायचं? आणि ज्या जोडीदाराला लग्नानंतर हे कळलं, तिची किंवा त्याची फरफटही तितकीच खरी. वेगळं व्हायला दोघांची संमती नसेल, तर दोघांचाही दोष नसताना एकाला दोषी ठरवल्याशिवाय बहुधा सुटका होत नाही.

इंडियन एसेस ही संस्था उभारणाऱ्या डॉ. प्रगती सिंग यांचं नाव २०१९ मध्ये बीबीसीच्या शंभर स्त्रियांच्या यादीत होतं. अशा माणसांना एकमेकांशी बोलता यावं, ती भेटावीत, यासाठी त्या काम करतात. लग्नाचा ससेमिरा आपल्याकडे ज्या वयात सुरू होतो, ते पाहता हे काम किती निकडीचं आहे ते वेगळं सांगायला नको. घर हवं, सोबत हवी, म्हातारपणी कुणीतरी जवळ हवं, पण शरीरसंबंध नकोत, असे दोघे एकमेकांना सापडले तर त्यांचा संसार नीट होऊ शकतो. ते सापडेपर्यंत घरचे थांबत नाहीत, ही अडचण.

कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात आपण गोत्र विचारतो, पगार विचारतो, चष्म्याचा नंबर विचारतो, परदेशी जायची तयारी विचारतो. मग दोघांना बोलायला म्हणून गच्चीवर पाठवतो. त्या वीस मिनिटांत हेही बोललं जावं आणि खाली आल्यावर कुणी त्याचं दुसरं कारण शोधू नये, एवढं मला हवं आहे.