बेलरने परत केलेले दान

अमेरिकेतील टेक्सास राज्यात वेको नावाचे शहर आहे. तेथील बेलर विद्यापीठ १८४५ साली स्थापन झालेले असून बॅप्टिस्ट पंथीयांचे एक अग्रगण्य विद्यापीठ म्हणून ओळखले जाते. त्याच्या समाजकार्य विद्यालयातील एका केंद्रास एका धर्मादाय प्रतिष्ठानाने ६,४३,४०१ डॉलरचे अनुदान दिल्याचे २०२५ च्या जूनअखेर जाहीर झाले. चर्चच्या मंडळ्यांतून समलिंगी, पारलिंगी इत्यादी व्यक्ती आणि स्त्रिया कशा दूर लोटल्या जातात, आणि त्यांना सामावून कसे घेता येईल, याचा अभ्यास या पैशातून व्हावयाचा होता. पंथातील सनातन मताच्या मंडळींनी लगेच गिल्ला केला आणि ९ जुलै रोजी विद्यापीठाच्या अध्यक्षा डॉ. लिंडा लिव्हिंगस्टोन यांनी अनुदानाची स्वीकृती मागे घेतल्याचे कळविले. हरकत संशोधनास नाही. त्याला जोडलेल्या आणि विद्यापीठाच्या लैंगिकताविषयक भूमिकेशी विसंगत ठरणाऱ्या मतप्रचारास आहे, असा त्यांचा खुलासा होता. माघारीची तयारी खुद्द विद्यालयाचे अधिष्ठाता व प्रकल्पप्रमुख यांनीच दाखविली, असेही सांगण्यात आले. दाखविली की दाखवावी लागली, हे पगारी माणसास विचारण्यात फारसे हशील नसते!

या विद्यालयास डॉ. डायना गार्लंड यांचे नाव आहे, ही गोष्ट येथे विसरता येत नाही. गार्लंडबाई पूर्वी केंटकी राज्यातील लुईव्हिल येथील सदर्न बॅप्टिस्ट सेमिनरीत, म्हणजे धर्मोपदेशक घडविणाऱ्या संस्थेत, समाजकार्य विद्यालयाच्या अधिष्ठाता होत्या. धर्मशिक्षणाच्या संस्थेत राहूनही व्यवसायाची अधिकृत मान्यता मिळविलेले ते विद्यालय होते. १९९५ साली तेथे एका प्राध्यापकाची नेमणूक अडली. उमेदवार श्रद्धावान होता, विद्वान होता. परंतु स्त्रीस धर्मोपदेशकाचे पद वर्ज्य नाही, असे त्याचे मत होते. तेवढ्यावरून संस्थेचे अध्यक्ष अल्बर्ट मोहलर यांनी त्याला नाकारले. गार्लंडबाईंनी हा मतभेद उघडपणे मांडला आणि त्यांचे अधिष्ठातापद गेले. पुढे १९९७ साली विद्यालयच बंद झाले. समाजकार्याचा पिंड आणि ईश्वरशास्त्राचे शिक्षण यांचा मेळ बसत नाही, असे मोहलर यांचे म्हणणे होते.

गार्लंडबाई बेलरला आल्या. त्यांच्या नेतृत्वाखाली २००५ साली तेथील समाजकार्य विभाग स्वतंत्र विद्यालय झाला आणि २०१५ साली, त्यांच्या निधनाच्याच वर्षी, त्यास त्यांचे नाव दिले गेले. ज्या बाईंनी प्राध्यापकाच्या मताची कदर करण्यासाठी पद गमावले, त्यांच्याच नावाच्या इमल्यात दहा वर्षांनी प्राध्यापकांना एक प्रश्न मिटून ठेवावा लागला.

मोहलर यांचा निर्णय आम्हांस मुळीच मान्य नाही. तथापि त्यात एक रोखठोकपणा होता. हा विषय आमच्या संस्थेत बसत नाही असे म्हणून त्यांनी दार लावून घेतले. बेलरने दार उघडे ठेवले, पाटी लावली, मान्यता घेतली, विद्यार्थी घेतले, आणि मग आतल्या एका खोलीस कुलूप घातले. यातील दुसरा मार्ग आम्हांस अधिक चिंताजनक वाटतो.

कारण समाजकार्याच्या अध्यापकाची अवस्था गणिताच्या किंवा भूगर्भशास्त्राच्या अध्यापकासारखी नसते. घरातून हाकललेली मुलगी, नवऱ्याने टाकलेली बाई, मंडळीने वाळीत टाकलेला तरुण यांच्यासमोर उद्या ज्यांना बसावयाचे आहे, असे विद्यार्थी तो तयार करीत असतो. समोरच्याने आपल्या आयुष्याचा निर्णय स्वतः घ्यावा, हे या व्यवसायाच्या आचारसंहितेतील मूलतत्त्व. अमेरिकेत समाजकार्य-शिक्षण परिषदेने मान्य केलेल्या विद्यालयाची पदवी नसेल तर बहुतेक राज्यांत व्यवसायाचा परवाना मिळत नाही. आणि ती परिषद सर्व प्रकारच्या माणसांचा आदर शिकविण्याची अपेक्षा ठेवते. म्हणजे या अध्यापकास दोन धनी. एकाने नेमणूकपत्र दिलेले, दुसऱ्याने पदवीला किंमत दिलेली.

विद्यापीठाच्या बाजूने बोलण्याजोगेही पुष्कळ आहे आणि ते आम्ही नाकारीत नाही. समाजकार्याच्या शिक्षणाचा पाळणा बऱ्याच अंशी धर्मसंस्थांनीच हलविला आहे. शिकागोच्या लोयोला विद्यापीठात १९१४ साली फादर फ्रेडरिक सीडनबर्ग या जेझुइट पाद्र्याने समाजकार्याचे विद्यालय काढले. धर्मसंस्थेने स्वधर्मीयांना नोकरीत प्राधान्य द्यावे, यास अमेरिकन कायद्याची मुभा आहे. बेलरला मुलगा पाठविणारा बापही ते कोणाचे विद्यापीठ आहे हे जाणूनच पाठवितो. संस्थेने आपली श्रद्धा खुंटीला टांगावी, असे कोणी सुज्ञ मनुष्य म्हणणार नाही. पण अध्यापकाची श्रद्धा तपासणे निराळे आणि त्याच्या अभ्यासविषयावर पहारा ठेवणे निराळे. चर्चमधून माणसे का निघून जातात, हे बाहेरच्या कोणी लिहिले तर शत्रूची निंदा म्हणून ते बाजूस टाकले जाईल. त्याच बाकावर बसून प्रार्थना करणाऱ्या प्राध्यापकाने लिहिले असते तर ते ऐकावे लागले असते. या माघारीत चर्चचेच अधिक नुकसान झाले आहे.

वेकोच्या भांडणाशी मुंबईकरांस काय कर्तव्य, असे कोणी म्हणेल. परंतु आपल्याकडील या विद्येचे मूळही एका मिशनऱ्याच्या कामात आहे. अमेरिकन मराठी मिशनचे डॉ. क्लिफर्ड मॅन्शर्ट यांनी नागपाड्यात शेजारगृह चालविले. हिंदू, मुसलमान, ज्यू, ख्रिस्ती अशा सरमिसळ वस्तीतील ते काम धर्मांतराचे नव्हे, शेजारधर्माचे होते. १९३६ साली सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीच्या पैशातून समाजकार्याचे विद्यालय तेथेच सुरू झाले आणि मॅन्शर्ट त्याचे पहिले संचालक झाले. १९४४ पासून आपण ज्या संस्थेस टाटा समाजविज्ञान संस्था म्हणतो, ती हीच. पुढे १९५५ साली मुंबईतच ख्रिस्ती भगिनींनी निर्मला निकेतनचे समाजकार्य महाविद्यालय उभे केले. तेथून निघालेल्या विद्यार्थ्यांना वस्तीत, इस्पितळात, तुरुंगात सर्व जातिधर्मांची माणसे भेटत आली आहेत. श्रद्धेने चालविलेल्या संस्थेतून हे होऊ शकते, हे आपल्या शहराने पाहिले आहे.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच, आणि ते वेकोपुरते नाही. धर्मसंस्थेने चालविलेल्या कोणत्याही विद्यापीठास समाजकार्याचा अध्यापक नेमावयाचा असेल तर कोणता विषय त्याने हाती घ्यावयाचा नाही, ते नेमणुकीपूर्वी लेखी द्यावे, आणि तोच कागद विद्यार्थ्यांना व मान्यता देणाऱ्या परिषदेसही दाखवावा. तो कागद वाचून ज्याला यावयाचे तो येईल. पैसे आल्यावर, काम ठरल्यावर, कोणी ओरडले म्हणून नियम शोधावयाचा, हा प्रकार बंद झाला पाहिजे.