विमानतळ बंद, रस्ता उघडा

आमच्या लिंबायतमध्ये नेपाळला कुणी परदेश म्हणत नाही. काशीला गेलेले कुटुंब गोरखपूरमार्गे सोनौलीची कमान ओलांडून पशुपतिनाथाचे दर्शन घेऊन येते, आणि परत आल्यावर शेजारणींना प्रसाद वाटताना 'काशी-नेपाळ करून आलो' असे एकाच दमात सांगते. यात नवल वाटण्याजोगे काही नाही. ३१ जुलै १९५० च्या भारत-नेपाळ मैत्री करारापासून ही सीमा दोन्ही देशांच्या नागरिकांना मोकळी आहे; पारपत्र नको, प्रवेशपरवाना नको. आपल्या शंभर रुपयांचे तिकडे एकशे साठ होतात, आणि हा दर १९९३ पासून बदललेला नाही. परदेशाची खूण म्हणावी तर एवढीच की, तिकडचे घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटे पुढे चालते. नंदुरबार, धुळे आणि जळगावकडून मागावर कामाला आलेल्या आपल्या मंडळींना सुरतेच्या विमानतळावरून बँकॉकला नेणारे विमान डिसेंबर २०२४ पासून मिळू लागले असले, तरी ज्या घरात सत्तरीची आई आहे त्या घराची पहिली परदेशवारी आजही पशुपतिनाथाचीच असते.

अशाच एका कुटुंबाची हकीकत या महिन्यात सांगावयाची आहे. नावे देत नाही. आई, मुलगा, सून आणि दोन नातवंडे अशी पाच माणसे. घरच्या गौरी-गणपतींचे विसर्जन करून सप्टेंबर २०२५ च्या आरंभी ताप्ती-गंगा एक्सप्रेसने निघाली आणि ७ तारखेच्या संध्याकाळी काठमांडूला ठमेल भागातील एका साध्या लॉजमध्ये उतरली. बेत असा ठरला होता : ८ ला पशुपतिनाथ, ९ ला भक्तपूर, १० ला मनकामनेचा पाळणा आणि तेथून पोखरा. मुलाने सारे एका वहीत तारीखवार लिहून काढले होते, आणि गाडीत तो ती वही जो भेटेल त्याला दाखवीत होता म्हणे.

८ तारखेच्या सकाळी दर्शन निर्वेध झाले. त्याच दुपारी शहराचे रूप पालटले. नेपाळ सरकारने ४ सप्टेंबरला फेसबुक, यूट्यूब यांच्यासह २६ समाजमाध्यमांवर बंदी घातली होती. निमित्त त्या बंदीचे. परंतु खरा राग भ्रष्टाचाराचा आणि पुढाऱ्यांच्या मुलाबाळांच्या चैनीचा होता. शाळा-महाविद्यालयांतील तरुण पोरे संसदेवर चालून गेली, गोळीबार झाला, आणि त्या एका दिवसात एकोणीस जण मारले गेले. रात्री बंदी मागे घेण्यात आली, पण तोवर फार उशीर झाला होता. ९ तारखेला संसद पेटली, सिंहदरबार पेटला, पंतप्रधान के. पी. शर्मा ओली यांनी राजीनामा दिला. दुपारी त्रिभुवन विमानतळ बंद झाला आणि रात्री सेनेने शहराचा ताबा घेतला. देशभरातील तुरुंगांतून हजारो कैदी पळाले. त्या काही दिवसांतील मृतांची संख्या पुढे सत्तरांहून अधिक झाली. ज्यांची मुले गेली त्या मातापित्यांच्या दुःखापुढे आपल्या प्रवाशांच्या गैरसोयी त्या किती, याचे भान ठेवूनच पुढचे वाचावे.

लॉजच्या गच्चीवरून धुराचे लोट दिसत होते. खालचे लोखंडी शटर अर्धे ओढलेले. लॉजमध्ये आणखी तीन-चार भारतीय कुटुंबे होती, आणि ९ च्या रात्री जेवणघरात जी चर्चा झाली तीच या हकीकतीची गाभ्याची गोष्ट होय. विमान बंद, हे सर्वांना कळले होते. परंतु रस्ता तर होता! एक जीपवाला चौपट भाडे घेऊन रातोरात सोनौलीला पोहोचविण्यास तयार होता. अडीचशे किलोमीटरांहून अधिक अंतर. पहाटे आपल्या भूमीवर. दोन कुटुंबांनी सामान बांधावयास घेतले. आपल्या गृहस्थांचेही मन तिकडेच ओढ घेत होते. धूर, घोषणा, अंधार आणि शेजारी झोपलेली लहान मुले. अशा वेळी 'निघा' हा शब्द कानाला फार गोड लागतो.

आई मात्र 'नाही' म्हणाली. तिचे माहेर भुसावळ तालुक्यातले. २३ ऑगस्ट २०२४ या दिवशी पोखऱ्याहून काठमांडूला येणारी यात्रेकरूंची बस तनहूं जिल्ह्यात मर्स्याङ्दी नदीत कोसळली आणि सत्तावीस माणसे गेली. वरणगाव आणि आसपासची ती मंडळी होती. खानदेशात असे घर नसेल की जेथे त्या आठवड्यात चूल पेटताना कुणाचा हात थबकला नाही. आईच्या माहेरच्या गावापासून वरणगाव हाकेच्या अंतरावर. ती मुलाला एवढेच म्हणाली, "बाबा, दिवसा ने. उद्या नाही तर परवा ने. रात्री त्या नदीच्या काठाने मी येणार नाही, आणि पोरांनाही नेऊ देणार नाही."

या हट्टाला भावनेखेरीज भूगोलाचाही आधार होता. काठमांडूहून खाली उतरणारा मार्ग त्रिशूली नदीच्या कडेकडेने मुग्लिंगपर्यंत येतो. तेथे मर्स्याङ्दी येऊन तिला मिळते आणि रस्ता फुटतो : एक फाटा पोखऱ्याकडे, दुसरा नारायणघाटाकडे दक्षिणेस. वरणगावकरांची बस जेथे पडली ते ठिकाण या फाट्यापासून जवळच आहे. आणि दक्षिणेचा फाटा अधिक सुरक्षित समजावा, तर १२ जुलै २०२४ रोजी त्याच फाट्यावर सिमलताल येथे दरड कोसळून दोन बसगाड्या साठांहून अधिक प्रवाशांसह त्रिशूलीत वाहून गेल्या. वेळ पहाटेच्या अंधाराची होती. पावसाळ्यात हिमालयाच्या उतारांची माती भिजून जड होते, वर रस्ता रुंद करण्यासाठी डोंगराचा पायथा कापलेला असतो. अंधारात चालकाला वर दरड सुटली आहे की नाही हे दिसत नाही, हे सांगावयास शास्त्र लागत नाही. सप्टेंबरात तिकडचा पाऊस संपलेला नसतो.

म्हणून माझे मत असे की, त्या रात्री त्या घरातील सर्वांत शहाणे माणूस अक्षरशत्रू होते. ९ तारखेला आपल्या परराष्ट्र मंत्रालयानेही हाच सल्ला प्रसिद्ध केला होता : नेपाळमधील भारतीयांनी आहेत तेथेच थांबावे, रस्त्यावर येऊ नये. जेवणघरातील कुणीतरी तो फोनवर वाचूनही दाखविला. परंतु मुलाचे पाय थांबले ते आईच्या शब्दाने. जीपने गेलेली दोन्ही कुटुंबे सुखरूप पोहोचली, हेही प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे. त्यामुळे त्यांचा निर्णय योग्य ठरत नाही, असे मला वाटते. वाचकांचे मत वेगळे असू शकेल.

खरा त्रास झाला तो सुरतेकडून. दूरदर्शनच्या पडद्यावर एकच जळती इमारत दिवसभर फिरवून फिरवून दाखविली जाई, आणि प्रत्येक फेरीगणिक लिंबायतहून एक फोन जाई. काका, मावसभाऊ, मार्केटमधले सोबती, गल्लीतले पुढारी, प्रत्येकाचे एकच : "अजून तिथेच? निघत का नाही?" घरी बसून काळजी करणाऱ्यांच्या प्रेमाबद्दल शंका नाही. परंतु संकटातील माणसाच्या फोनची बॅटरी आणि त्याचा धीर, दोन्ही मोजकेच असतात. अखेर सुनेने युक्ती काढली. रोज सकाळी आठ आणि रात्री आठ या वेळांना एकाच नणंदेला निरोप द्यायचा आणि तिने तो सर्वांना कळवायचा, असे ठरविले. (आठ कुणाच्या घड्याळाचे, यावरून पहिल्या दिवशी पंधरा मिनिटांचा घोळ झाला आणि नणंदबाईंनी तेवढ्यात रडून घेतले.)

आईला मधुमेह आहे. सुनेने निघताना आठ दिवसांच्या प्रवासाला पंधरा दिवसांच्या गोळ्या घेतल्या होत्या आणि त्यातील निम्म्या स्वतःच्या पिशवीत ठेवल्या होत्या. संचारबंदीत औषधांची दुकाने उघडी मिळण्याचा भरवसा नव्हता, तेव्हा या पंधरा दिवसांच्या पट्ट्यांचे मोल कळले. पैशाचेही तसेच. मार्च २०२४ पासून नेपाळमधील व्यापाऱ्यांना आपल्या यूपीआयने पैसे देता येऊ लागले आहेत, म्हणून हल्ली पुष्कळ तरुण मंडळी रोकड नेतच नाहीत. परंतु दुकानच बंद असेल तर भिंतीवरची ती चौकटीची खूण काय कामाची? शंभराच्या नोटांची एक गड्डी आईच्या कनवटीला होती. लॉजमालक भला माणूस निघाला. डाळभात, मुळ्याचे लोणचे, दोन वेळा, नेहमीच्या दराने. मुलांसाठी त्याच्या बायकोने कुठूनसे दूध आणले. कुठून, ते तिने सांगितले नाही.

१० तारखेच्या संध्याकाळी विमानतळ उघडला. आता नवीच अडचण. विमानाने भारत-नेपाळ ये-जा करावयाची तर पारपत्र किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र लागते. आधारपत्र केवळ पंधरा वर्षांखालील मुलांना आणि पासष्टीवरील वृद्धांना चालते. मुलाजवळ मतदार ओळखपत्र होते. सुनेचे गावी, सासऱ्यांच्या जुन्या पेटीत. आपल्यापैकी कितीजणांची नावे अजून खानदेशातील गावच्या यादीत आहेत, हे निराळे सांगावयास नको! नियमांत एक सवलत आहे : पतिपत्नी, अज्ञान मुले व आईवडील एकत्र प्रवास करीत असतील आणि एका प्रौढाजवळ मान्य ओळखपत्र असेल, तर इतरांना छायाचित्राचा अन्य पुरावा आणि नात्याचा पुरावा चालतो. नात्याचा पुरावा म्हणजे शिधापत्रिका. ती लिंबायतच्या घरी कपाटात कुलूपबंद होती. शेजाऱ्यांनी कुलूप उघडून तिचे छायाचित्र फोनवर पाठविले, परंतु तेवढ्यावर विमानात बसू देतील अशी खात्री कुणी देईना, आणि पाच माणसांच्या तिकिटांची रक्कम तर त्यांच्या वहीत कुठेच बसत नव्हती. रस्त्याने जाणाऱ्याने रस्त्यानेच परत यावे असा नियम नाही. म्हणूनच कागद मात्र दोन्ही वाटांचे बरोबर असावेत.

परदेशी सहल कोसळल्यावर खर्च कुणी सोसावा, याचा निवाडा देशोदेशी निराळा आहे. एप्रिल २०१० मध्ये आइसलंडमधील ज्वालामुखीच्या राखेमुळे युरोपचे आकाश जवळजवळ आठवडाभर बंद राहिले आणि सुमारे एक लाख उड्डाणे रद्द झाली. आपल्याकडील उन्हाळी सहलींचाच तो काळ. युरोपच्या २००४ च्या नियमानुसार, कारण नैसर्गिक असले तरी अडकलेल्या प्रवाशाच्या जेवणाची व निवाऱ्याची सोय विमान कंपनीनेच करावयाची असते. २०१३ मध्ये तेथील न्यायालयाने ज्वालामुखीच्या बाबतीतही हेच ठरविले. आपल्या नियमांत रद्द झालेल्या उड्डाणाचे पैसे परत किंवा दुसरे उड्डाण एवढे मागता येते. दंगल, नैसर्गिक आपत्ती अशा कारणांसाठी वरची भरपाई मिळत नाही. जीपने आणि बसने गेलेल्यांच्या वाट्याला तर यातले काहीच येत नाही. विम्याच्या कागदात दंगल वगळलेली आहे का, एवढे एक वाक्य निघण्यापूर्वी वाचावे.

मराठी माणसाच्या बिघडलेल्या यात्रांची गोष्ट निघाली की, मला वरसईच्या विष्णुभट गोडशांची आठवण होते. १८५७ साली काकांबरोबर दक्षिणेच्या आशेने ते उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. झाशीच्या वेढ्यातून जीव वाचला, मिळविलेले द्रव्य गेले. परतताना खांद्यावर गंगेची कावड होती, आईवडिलांच्या स्नानासाठी. ती कावड त्यांनी घरापर्यंत आणली. त्यांचा 'माझा प्रवास' १९०७ साली छापून निघाला. लिंबायतच्या ज्या वाचनालयांत तो असेल तेथून अवश्य आणून वाचावा.

१२ सप्टेंबरला, ज्या दिवशी सुशीला कार्की यांनी हंगामी पंतप्रधानपदाची शपथ घेतली, त्या दिवशी सकाळी उजाडल्यावर ही पाच माणसे आणखी एका कुटुंबाबरोबर जीपने निघाली. भाडे दुपटीच्या आत आले होते. वाटेत ठिकठिकाणी सैनिक गाडी थांबवीत, कागद पाहत आणि सोडून देत. मुग्लिंगला पुलाजवळ आईने गाडी थांबवावयास सांगितली. खाली उतरून तिने नदीला हात जोडले, पिशवीतील पशुपतिनाथाच्या प्रसादाचे चिमूटभर फूल पाण्यात टाकले आणि पुन्हा येऊन बसली. कुणी काही बोलले नाही. बुटवलच्या अलीकडे रस्त्याच्या कामामुळे दोन तास गेले. सोनौलीची कमान ओलांडली तेव्हा संध्याकाळ झाली होती.

आरक्षणाची तिकिटे केव्हाच वाया गेली होती, तेव्हा परतीचा प्रवास साध्या डब्यात, आळीपाळीने बसत झाला. वहीतील भक्तपूर, मनकामना आणि पोखरा यांच्यावर थोरल्या नातीने पेन्सिलीने फुल्या मारल्या आहेत. आईचे म्हणणे, खोडून टाकू नका, पेन्सिलीचेच असू द्या. सुनेने गावी जाऊन मतदार ओळखपत्र आणले आहे.