प्रगतिपत्रकातील श्रेणी नेमके काय सांगते?

प्रथम सत्र दिवाळीच्या सुटीला संपते आणि शाळा पुन्हा उघडल्यावर प्रगतिपत्रके पालकांच्या हाती येतात. पालक त्यात एकच गोष्ट शोधतो, ती म्हणजे श्रेणी. ‘ब-1’ दिसली की समाधान, ‘क-1’ दिसली की घरात चौकशी. त्याखाली सही होते आणि पत्रक शाळेत परत जाते. ही श्रेणी कशाची बेरीज आहे, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. राज्यात पाचवी आणि आठवीच्या वार्षिक परीक्षेला पुन्हा धार आली असताना मात्र तो विचारणे भाग आहे.

घटक चाचणी, सहामाही, वार्षिक आणि नापास विषयाखाली लाल शाईची रेघ ही जुन्या प्रगतिपुस्तकाची ओळख होती. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 रोजी लागू झाला आणि आठवीपर्यंत कोणालाही मागे न ठेवण्याचे बंधन आले. त्यापाठोपाठ 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयाने राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत सुरू झाली. वर्षाची दोन सत्रे कायम राहिली, पण प्रत्येक सत्रातील मूल्यमापनाचे दोन भाग झाले. दैनंदिन निरीक्षण, तोंडीकाम, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय यांतून वर्षभर होणारे ते आकारिक. सत्राच्या अखेरीस होणारे ते संकलित. दोहोंची बेरीज शंभरात मोडून श्रेणी दिली जाते. 91 ते 100 ला अ-1, पुढे दहा-दहा गुणांच्या पायऱ्यांनी अ-2, ब-1, ब-2, क-1, क-2, नंतर 33 ते 40 ला ड आणि त्याखाली ई-1, ई-2.

कल्पना चांगली होती. तीन तासांच्या पेपरात न दिसणारे मूल वर्गात दिसते, याची प्रथमच अधिकृत दखल घेतली गेली. अडचण बेरजेत आहे. पाचवी-सहावीसाठी आकारिक आणि संकलित यांना प्रत्येकी 50 गुणांचा भार आहे. एखाद्या विद्यार्थ्याला गणितात आकारिकमध्ये 41 आणि संकलितमध्ये 11 गुण मिळाले, तर बेरीज 52, श्रेणी क-1. दुसऱ्याला आकारिकमध्ये 22 आणि संकलितमध्ये 30. बेरीज तीच, श्रेणीही तीच. पहिला वर्गात हजर, वह्या पूर्ण, प्रकल्प नीटनेटका, पण एकट्याने उदाहरण सोडवताना अडतो. दुसऱ्याला विषय बऱ्यापैकी कळतो, मात्र स्वाध्याय अर्धे राहतात. दोघांची गरज अगदी उलट आहे आणि प्रगतिपत्रकावर दोघेही एकच आहेत.

दुसरी गोष्ट याहून कमी लक्षात येते. हा भार इयत्तेनुसार बदलतो. पहिली-दुसरीला आकारिक 70 आणि संकलित 30, तिसरी-चौथीला 60 व 40, पाचवी-सहावीला निम्मे-निम्मे, सातवी-आठवीला 40 व 60. आता असे मूल घ्या, जे दरवर्षी आकारिकमध्ये 90 टक्के आणि संकलितमध्ये 30 टक्के मिळवते. दुसरीत त्याची बेरीज 72 होते, म्हणजे ब-1. चौथीत 66, म्हणजे ब-2. सहावीत 60 आणि आठवीत 54, म्हणजे क-1. मुलात काहीही बदललेले नाही, तरी श्रेणी दोन पायऱ्या खाली आली. पालक म्हणतात, ‘मोठ्या वर्गात गेल्यापासून अभ्यासातले लक्ष उडाले’, आणि शिकवणी लावली जाते. खरे तर कच्चेपणा दुसरीपासूनच होता. 70 गुणांच्या आकारिक भाराने तो झाकला होता.

अंतर्गत गुणांचे हे वजन किती मोठे असते, याचा पुरावा दहावीच्या निकालाने दिला आहे. 2019 मध्ये भाषा आणि समाजशास्त्र या विषयांतील अंतर्गत गुण काढून घेतले गेले. 2018 मध्ये 89.41 टक्के असलेला राज्याचा निकाल त्या वर्षी 77.10 टक्क्यांवर घसरला. 2020 मध्ये अंतर्गत गुण परत आले आणि निकाल 95.30 टक्के लागला. त्या वर्षी करोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द झाला होता हे खरे; तरीही या चढउताराचे श्रेय किंवा दोष एका वर्षात हुशार वा मठ्ठ झालेल्या पिढीला देता येणार नाही.

मंडळे बदलली की अक्षरांचा अर्थही बदलतो, हे शहरी पालकांनी विशेष ध्यानात घ्यावे. राज्यातील प्राथमिक शाळेतला अ-1 म्हणजे 91 किंवा अधिक गुण. सीबीएसईच्या दहावीत मात्र त्या विषयात उत्तीर्ण झालेल्यांपैकी वरच्या एक-अष्टमांश विद्यार्थ्यांना ए-1 मिळतो. पहिली श्रेणी मुलाची तुलना शंभराशी करते, दुसरी इतर मुलांशी. दोन भावंडांची किंवा शेजाऱ्यांच्या मुलांची पत्रके शेजारी ठेवून केलेल्या तुलना म्हणूनच व्यर्थ असतात.

आठवीपर्यंत सारे वर जात होते तोवर या गोंधळाची किंमत लगेच मोजावी लागत नव्हती. ती स्थिती आता राहिलेली नाही. 2019 च्या केंद्रीय दुरुस्तीने राज्यांना पाचवी व आठवीत विद्यार्थ्याला रोखण्याची मुभा दिली आणि महाराष्ट्राने 2023 मध्ये नियम बदलून या दोन इयत्तांसाठी वार्षिक परीक्षा आणली. प्रत्येक विषयात किमान 35 टक्के हवेत. ते न मिळाल्यास जादा मार्गदर्शन आणि पुनर्परीक्षा. तीतही अपयश आल्यास त्याच वर्गात बसणे. वर उल्लेखिलेला 41 आणि 11 गुणांचा विद्यार्थी आठवावा. चौथीपर्यंत त्याच्या पत्रकात धोक्याची एकही खूण नव्हती आणि पाचवीच्या प्रथम सत्रातही तो क-1 आहे. पेपरात मात्र त्याला 22 टक्केच मिळतात. ज्याला चार वर्षे व्यवस्थेने ‘ठीक आहे’ असे सांगितले, त्याला पाचव्या वर्षी त्याच व्यवस्थेने थांबवणे हा मुलावर अन्यायच म्हटला पाहिजे.

वर्णनात्मक नोंदींनी ही उणीव भरून काढावी अशी अपेक्षा होती. विशेष प्रगती, आवड आणि छंद, सुधारणा आवश्यक, असे रकाने त्यासाठीच आहेत. व्यवहारात तयार वाक्यांच्या याद्या हातोहात फिरतात आणि ‘अभ्यासात सातत्य हवे’ हे वाक्य निम्म्या वर्गाच्या वाट्याला येते. भरगच्च वर्गात प्रत्येक मुलाच्या प्रत्येक विषयाची स्वतंत्र नोंद आणि वर शाळाबाह्य कामे, हे पाहता दोष एकट्या शिक्षकाचा नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सुचवलेल्या समग्र प्रगतिपत्रकात तर मुलाचे स्वतःचे आणि सहाध्यायांचे मूल्यमापनही येते. रकाने वाढतील, ते भरायला वेळ कोठून येणार, याचे उत्तर धोरणात सापडत नाही.

उपाय फार खर्चिक नाही. आकारिक आणि संकलित गुण शिक्षकांच्या नोंदवहीत वेगवेगळे लिहिलेलेच असतात. ते दोन आकडे प्रत्येक विषयापुढे पत्रकावर छापले, तरी निम्मे धुके विरेल. जिथे ते छापलेले नसतील तिथे पालकसभेत श्रेणीऐवजी हे दोन आकडे मागता येतात. प्रथम सत्राचे पत्रक हाती येते तेव्हा वार्षिक परीक्षेला चारपाच महिने उरलेले असतात. द्वितीय सत्राचे येते तेव्हा उन्हाळ्याची सुटी लागलेली असते आणि मध्ये उरते ती फक्त पुनर्परीक्षा.