चरात उतरणाऱ्याची भाषा

उन्हाळ्याचे शेवटचे आठवडे आले की उद्यमबाग, मच्छे, होनगा या औद्योगिक वसाहतींत खोदाईच्या कामांची एकच घाई उडते. नव्या शेडचा पाया, यंत्राचे फाउंडेशन, सांडपाण्याचा चर, जे काही जमिनीखाली घालावयाचे ते मृगाच्या आत घालून मोकळे व्हावे, ही प्रत्येक मालकाची इच्छा असते आणि ती रास्तही आहे. परंतु या घाईत पहिली काट बसते ती टेकूंना. फळ्या आणि वासे लावण्यात एक दिवस जातो. तो कंत्राटदारास परवडत नाही, आणि चरात उतरणाऱ्या बिगाऱ्यास ‘नाही’ म्हणणे परवडत नाही.

सीमाप्रश्नास वाहिलेल्या या स्तंभात मातीच्या टेकूंची चर्चा कशासाठी, असे आमचे काही वाचक विचारतील. त्यांस उत्तर देऊच, आधी मातीविषयी.

चर पुरुषभरदेखील खोल नाही, त्यात काय व्हायचे, हा समज प्राणघातक आहे. एक घनमीटर मातीचे वजन सुमारे दीड टन भरते, ओली असल्यास त्याहून अधिक. कड ढासळते ती क्षणात. माणूस छातीपर्यंत गाडला गेला आणि डोके उघडे राहिले, तरी भोवती आवळलेली माती त्याची छाती फुलू देत नाही. मग सोबती धावत खाली उतरतात आणि उरलेली कड त्यांच्यावर येते. कोणी घाबरून जेसीबीने उकरू लागतो, तेव्हा मातीने न मारलेला माणूस लोखंडाने मरतो. अशा वेळी यंत्र थांबवावे, कडेवरील गर्दी हटवावी, अग्निशमन दलास बोलवावे आणि टेकू लावल्यावाचून कोणी उतरू नये, हे ज्यास आधीच सांगितलेले नाही त्यास त्या घटकेस सुचणार कोठून?

आपल्या भागाची जमीन तर दोन्हींकडून फसवी. पश्चिमेकडील तांबडी, जांभ्याची माती कोरडी असेतो भिंतीसारखी उभी राहते आणि पाहणाऱ्यास खोटा धीर देते. वळवाचे पाणी मुरले की तीच सुटते. येळ्ळूर-वडगावच्या शिवारातील काळी जमीन उन्हात भेगाळते व पाण्याने फुगते. म्हणून काल सुरक्षित असलेला चर आजही सुरक्षित आहे असे धरून चालू नये. विशेषतः पाऊस पडून गेल्यावर जाणत्या माणसाने कड पाहिल्याखेरीज कोणासही खाली पाठवू नये.

हे शास्त्र गुप्त नाही. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या सुरक्षासंहितेत ते साध्या शब्दांत आहे. दीड मीटर वा त्याहून खोल चराच्या कडा उतरत्या कापाव्या किंवा लाकडी टेकूंनी धराव्या. उकरलेली माती कडेपासून दीड मीटर अथवा चराच्या निम्म्या खोलीइतकी, जे अधिक असेल तितकी, दूर टाकावी. चर १.२ मीटर वा त्याहून खोल असल्यास दर ३० मीटरला एक शिडी असावी आणि ती कडेच्या वर निदान ९० सेंटिमीटर यावी. खालून पोखरत जाऊ नये. आणखी दोन गोष्टी आम्ही जोडू. पाणी उपसण्याचा डिझेल पंप खड्ड्यात उतरवू नये, कारण त्याच्या धुरातील विषारी वायू खालीच कोंडतो. आणि कुदळ घालण्यापूर्वी हेस्कॉमकडून केबल कोठून गेली आहे याची विचारणा करावी. केबलजवळ यंत्र न घालता हाताने, बेताने खणावे.

पुण्यात कोंढवा येथे २९ जून २०१९ रोजी मध्यरात्रीनंतर एका सोसायटीची संरक्षक भिंत शेजारच्या बांधकामावरील मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळली. १५ जीव गेले, त्यांत लेकरेही होती. बहुतेक कुटुंबे बिहारहून आलेली. धोका केवळ चरात उतरणाऱ्यास नसतो, चराशेजारी निजणाऱ्यासही असतो.

आता आमचे उत्तर. १९४८ च्या कारखाने कायद्याने सूचनाफलक इंग्रजीबरोबरच बहुसंख्य कामगारांस समजणाऱ्या भाषेत असावेत असे बंधन घातले होते. त्या कायद्याची व बांधकाम मजुरांच्या १९९६ च्या कायद्याची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहितेने घेतली आहे. १९५६ पासून या भूमीत आपण मराठीचा हक्क मागत आहोत तो कचेरीतील कागदापुरता नाही. ‘कडेजवळ थांबू नका’ ही पाटी वाचता न आल्यामुळे मच्छेचा पोरगा गाडला जाणार असेल, तर ती पाटी मराठीत असलीच पाहिजे. आणि हाच न्याय गोकाक-सौंदत्तीहून आलेल्या कन्नड बिगाऱ्यास व बिहारच्या हिंदी मजुरास लागू आहे. आमचा लढा भाषिक सक्तीशी आहे, कन्नड श्रमिकाशी तो कधीच नव्हता. ज्यास वाचताच येत नाही, त्यास मुकादमाने रोज सकाळी त्याच्या बोलीत तोंडी सांगावे.

येथे स्वकीयांसही दोन शब्द ऐकवणे प्राप्त आहे. काळ्या दिनाच्या फेरीत पुढे चालणाऱ्यांत कारखानदार आहेत, कंत्राटदारही आहेत. त्यांच्या आवारातील चर टेकूविना उघडे असतील, तर मराठी माणसाच्या हिताची त्यांची भाषा आम्ही कोणत्या कानाने ऐकावी?

त्यांना आमची सूचना खर्चिक नाही. खोदाईचे काम देताना टेकू, कुंपण व शिडी यांचा खर्च दरपत्रकात स्वतंत्र कलम म्हणून लिहावा आणि ते काम झाल्याचे डोळ्यांनी पाहूनच त्याचे पैसे चुकते करावे. आज हा खर्च एकूण रकमेत गडप होतो. म्हणून सर्वांत कमी दर भरणारा तो सर्वांत आधी वाचवतो, आणि प्रामाणिक कंत्राटदार काम गमावतो. उद्योजकांच्या संघटनांनी हा ठराव मृगापूर्वी करावा.