निरोप वेळेत का येत नाही?

मंडळी, पूर ओसरला की आपल्याकडे चर्चा पंचनाम्याची. मला बोलायचंय पाणी यायच्या आधीच्या तासांबद्दल.

वैनगंगा सिवनी जिल्ह्यातून येते. तिथल्या संजय सरोवराचे दरवाजे उघडले, की ते पाणी बालाघाट ओलांडून गोंदियात पोचायला बरेच तास लागतात. 2020 च्या ऑगस्टअखेरच्या महापुरात आमच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. धानाची पोती गेली, पोरांची मार्कशीट गेली. निरोप आला तेव्हा पाणी अंगणात होतं. चार तास आधी कळलं असतं तर एवढं नक्कीच माळ्यावर गेलं असतं.

माझी पुतणी कॉलेजच्या बास्केटबॉल टीममध्ये आहे, म्हणून विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन मॅचेस मी पाहतो. चेंडू हाती आला की 8 सेकंदांत मधली रेषा ओलांडायची, 24 सेकंदांत बास्केटवर मारायचा. उरलेला वेळ बोर्डावर सगळ्यांना दिसतो, म्हणून पोरी गडबडत नाहीत. आपल्याजवळ तर तास असतात, पण ते साहेबांच्या फोनमध्येच राहतात. काहून?

पाणी किती वाजता सोडलं, किती सोडलं, आपल्या घाटावर केव्हा पोचेल, एवढं तरी ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून सांगा. रात्री दोन वाजता असलं तरी सांगा. लाईट गेली तर दवंडी द्या. मदतीच्या चेकपेक्षा हे स्वस्त आहे.

तुमच्या गावात हा निरोप द्यायची जबाबदारी कोणाकडे आहे? माहीत नसेल, तर पावसाळ्याआधीच्या ग्रामसभेत पहिला प्रश्न हाच विचारा.